चौथं घर

उजवा हात भिंतीला लावायचा,
तीन घरं सोडायची, चौथ्याचं दार वाजवायचं.
चौऱ्याण्णव साली सीताबर्डीच्या एका लॉजवर
आम्हा अकरा जणांना एवढंच शिकवलं होतं.
आणि हे, की कार्ड दाखवताना अंगठा
कुठल्याही साबणाच्या नावावर येऊ द्यायचा नाही.

फॉर्ममागे नऊ रुपये. चौदा पानं.
मे महिना, गोळीबार चौक.
दुपारी बारानंतर दारं उघडत नाहीत नागपुरात,
उघडलीच तर आधी कूलर बोलतो, मग माणूस.
"साबणाचा सर्व्हे आहे."
"नाही पाहिजे साबण."
"विकत नाही बाई, विचारून राहिलो."
"मंग फुकटात काहून विचारता?"
याचं उत्तर चौदा पानांत कुठंच नव्हतं.

बाराव्या दिवशी मी निंबाखाली बसलो
आणि शकुंतला हेडाऊ लिहिली.
आडनाव समोरच्या पिठाच्या गिरणीवरून उचललं.
वय चौतीस, मुलं दोन, नवरा मिलमध्ये.
साबण महिन्याला चार वड्या;
मग वाटलं, त्या पगारात चार होत नाहीत. तीन केल्या.
'साबण का बदलावासा वाटला?'
इथं मी बराच वेळ थांबलो.
मग लिहिलं: वास फार दिवस तोच तो होता.
खाली तिची सही, डावीकडे कललेली.

सुपरवायझर चांदेकर दहातलं एक घर पुन्हा तपासायचे.
नेमकी तीच निघाली.
संध्याकाळी आले, बुटाची धूळ झटकत म्हणाले,
"भेटली बाई. सगळं बरोबर आहे. चहा पाजला तिनं."
त्यांच्या खांद्यावर
निंबाची एक काडी होती.

आता मी त्रेसष्टचा. दिघोरी, दुसरा मजला.
सर्व्हे फोनवर येतात, बारा मिनिटं, चाळीस पॉइंट.
आधी वय विचारतात, मग घरची खरेदी कोण करतं.
खरं लिहिलं की एक गोल फिरतो,
फिरतो,
आणि उमटतं: क्षमस्व,
तुमच्या गटाची संख्या पूर्ण झाली आहे.
माझ्या गटाची!
त्रेसष्टच्या, एकट्याच्या, अर्धा किलो तूरडाळीच्या.
एवढे कुठून गोळा झालो आम्ही,
की शाम्पूला नको, विम्याला नको, बिस्किटालासुद्धा नको?

एका रात्री मी चौतीस टाकलं. स्त्री टाकलं.
गोल फिरलाच नाही.
स्वागत आहे, शकुंतला.

तीस वर्षांत तिचं वय हललेलं नाही.
मी तिला स्कूटी घेऊन दिली,
नवऱ्याला मिलमधून काढून मिहानला लावला,
मारबतीच्या आठवड्यात वॉशिंग मशीन बदललं.
मधूनच ते परीक्षा घेतात:
लक्ष देऊन वाचत असाल तर इथे 'अजिबात सहमत नाही' निवडा.
ती निवडते. कधी चुकली नाही.
दर आठवड्याला तिला विचारतात,
कसं वाटलं, दहापैकी किती, पुन्हा घ्याल का.
मला शेवटचं विचारलं ते भाजीवाल्यानं,
"सांभार टाकू काय?"

परवा पॉइंटांचा थर्मास आला.
पोरगा जिन्यातूनच ओरडला,
"शकुंतला हेडाऊ इथंच राहते काय?"
समोरच्या बुरडेबाई कुलूप लावता लावता थांबल्या.
म्हटलं, इथंच. आत झोपली आहे, ऊन लागलं तिला.
"मग तुम्हीच सही करा, काका."
बोटानं केली. काचेवरही ती डावीकडेच कलली.
पाणी घेऊन जा म्हटलं, तर म्हणे,
अजून सतरा घरं आहेत.

बुरडेबाई तिथंच. किल्ली कुलपात, हात किल्लीवर.
"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "हे कधीपासून?"

"चौऱ्याण्णवपासून," मी म्हणालो.